पापण्यांचा तुलनात्मक तक्ता

हजेरीचं यंत्र माणसापेक्षा स्पष्टवक्तं असतं, हे श्यामलाबाई ओव्हाळांना मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी कळलं. कार्यालयाच्या दारात ते नवंच बसवलं होतं. त्याच्यासमोर उभं राहायचं, ते चेहरा ओळखतं, हिरवा दिवा लागतो आणि माणूस कामाला लागला असं शासन धरून चालतं. श्यामलाबाई उभ्या राहिल्या. यंत्रातली बाई अतिशय शुद्ध मराठीत म्हणाली, "कृपया डोळे उघडा."

डोळे उघडेच होते. श्यामलाबाईंनी ते आणखी उघडले.

"कृपया डोळे उघडा."

त्यांनी चष्मा काढला, भुवया वर नेल्या, हनुवटी उचलली. यंत्र आपल्या मतावर ठाम होतं. मागे रांगेत चौदा माणसं होती आणि चौदाही त्यांच्या हाताखालची होती. आस्थापना शाखेच्या अधीक्षक म्हणून ज्यांच्या उशिरा येण्यावर बाईंनी वर्षानुवर्षं लाल रेघा मारल्या, ती माणसं आता बाईंना उशीर होताना मन लावून बघत होती. शेवटी श्यामलाबाईंनी दोन्ही हातांच्या एकेका बोटाने पापण्या वर उचलून धरल्या आणि यंत्राकडे रोखून पाहिलं. हिरवा दिवा लागला. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "जागं झालं एकदाचं." हे यंत्राबद्दल होतं की बाईंबद्दल, याची चौकशी लावता येण्यासारखी नव्हती.

आता छप्पन्नाव्या वर्षी माणसाचं बरंच काही खाली येतं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. पण श्यामलाबाईंच्या वरच्या पापण्या एखाद्या दुकानदाराने दुपारी शटर अर्धं ओढून घ्यावं तशा उतरल्या होत्या. दोन वर्षं त्या ऐकतच होत्या. "दमलात का?" "बरं नाही का?" "काही बोललं का कुणी?" भाचीच्या लग्नात तर विहारात वंदना चालू असताना एका लांबच्या मावशीने त्यांना कुशीत घेऊन "पोरगी काय, आज ना उद्या जायचीच" असं समजावलं होतं. त्या वेळी श्यामलाबाई जेवणात जिलेबी आहे की श्रीखंड याचा विचार करत होत्या. पण ती मावशी होती. मावशीला माफ करता येतं. यंत्राला माफ करायची सोय नसते.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पर्स ठेवायच्या आधी जाहीर केलं, "मी पापण्या करून घेणार आहे."

"यंदा विकतच आणू की," अनंतराव वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले. "गच्चीवर ऊन फार लागतं तुला."

"पापड्या नाही हो. पापण्या!"

अनंतराव हे श्यामलाबाईंचे यजमान. दारूगोळ्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, आणि घरात कधी साधी फुलबाजीसुद्धा न पेटवलेले गृहस्थ. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, बायकोच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "मला तर चांगल्याच वाटतात."

"तुम्हाला बैठकीतला पडदा तीन वर्षं उलटा लावलेला चांगलाच वाटत होता."

अनंतरावांनी माघार घेतली. मुलगी नम्रता मात्र माघार घेणाऱ्यांतली नव्हती. ती हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत होती आणि आईशी बोलताना मराठीत फक्त क्रियापदं वापरायची. "आई, सीरियसली? तू जशी आहेस तशी ब्यूटिफुल आहेस. ही पूर्ण इंडस्ट्री बायकांना इनसिक्युअर करण्यावर चालते. यू शुड एज नॅचरली."

"तुझ्या केसांना तो तांबडा रंग कुठून आला गं? नॅचरली?"

"ते माझं सेल्फ-एक्स्प्रेशन आहे."

"मग मी पण तेच करतेय. फक्त माझं थोडं खाली लोंबतंय, ते वर घ्यायचंय."

नम्रताने फोन ठेवला. श्यामलाबाई कामाला लागल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कार्यालयासाठी कपाटं घेतली होती, पंखे घेतले होते, एकदा सभागृहाच्या सतरंज्याही घेतल्या होत्या, आणि तिघांची तुलना केल्याशिवाय एक सतरंजी आत येऊ दिली नव्हती. सतरंजी वाईट निघाली तर तिच्यावर बसता तरी येतं. त्यांनी कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं, 'तुलनात्मक तक्ता.' खाली पाच प्रश्न. आपण या वर्षात किती पापण्यांवर शस्त्रक्रिया केल्या? शस्त्रक्रिया आपण स्वतः करणार की अन्य कोणी? व्रण कुठे राहील? बिघडल्यास आपण काय कराल? आणि पाचवा, जो त्यांना सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता: नंतर मला डोळे मिटता येतील ना?

अनंतरावांना मदत करायची होती. घरातल्या बहुतेक अनर्थांचं मूळ हेच असतं. त्यांनी आपल्या एका जुन्या सहकाऱ्याला मोबाइलवर निरोप टाकला, 'पापण्यांच्या शस्त्रक्रियेसाठी अनुभवी डॉक्टर माहितीत आहेत का? - अनंत ओव्हाळ.' तो सहकाऱ्याला गेला नाही. तो 'सुप्रभात रहिवासी' या नारायण पेठेतल्या त्यांच्या इमारतीच्या ग्रुपवर गेला. एरवी तिथे खडकवासल्यात पाणी किती आणि टाकीत का नाही एवढीच चर्चा चाले. अर्ध्या तासात त्रेचाळीस उत्तरं आली. काकडीचे काप, बटाट्याचे काप, थंड चमचे, गाईचं तूप नाकात, एरंडेल पापणीवर. एकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं लिहून नंतर ते काढून टाकलं. आणि शेवटी संस्थेचे सचिव रंगराव पायगुड्यांचा निरोप आला, 'अनंतराव, माणूस हाय आपल्याकडं. उद्या घेऊन जातो.'

रंगरावांचा माणूस म्हणजे त्यांचा साडू निघाला. तो सिंहगड रस्त्याला दाताचा डॉक्टर होता. अनंतरावांनी रंगरावांना काहीतरी सांगून वाटेला लावलं आणि तिकडे श्यामलाबाई एकट्याच गेल्या, कारण तक्त्यात नाव आलं की भेट द्यायची हा नियम. डॉक्टरांनी सवयीने आधी "आ करा" म्हटलं.

"मी पापण्यांसाठी आलेय."

"हो, हो. करतो ना आपण. मी दोन दिवसांचा कोर्स केलाय. चेहरा शेवटी एकच असतो, मॅडम."

"या वर्षात किती पापण्या केल्या?"

"अजून सुरुवात व्हायचीये. पण हात हलका आहे माझा, कुणालाही विचारा. दाढ काढली तरी कळत नाही."

श्यामलाबाईंनी पहिल्या रकान्यात शून्य लिहिलं. डॉक्टरांनी त्यांच्या एका दाढेत कीड असल्याचं मात्र बरोबर ओळखलं.

दुसरं ठिकाण नदीपलीकडे होतं. दवाखाना म्हणावा तर सगळी काच, आणि हॉटेल म्हणावं तर खायला काही नाही. पाण्यात पुदिन्याची पानं घालून देतात तेवढंच. तिथे सोनाली नावाची एक तरुण मुलगी भेटली. ती डॉक्टर नव्हती, समुपदेशक होती. तिने श्यामलाबाईंचा फोटो संगणकावर घेतला आणि त्यांच्यादेखत त्यांच्यात सुधारणा सुरू केल्या. पापण्या वर गेल्या. इथपर्यंत ठीक होतं. मग गाल भरले, हनुवटी टोकदार झाली, ओठ फुगले, आणि दोन मिनिटांत पडद्यावर एक अशी बाई बसली जिला श्यामलाबाईंनी कार्यालयात ओळखपत्राशिवाय आत सोडलं नसतं.

"ही कोण?"

"तुम्हीच, मॅम! आफ्टर."

"आणि मी कुठे गेले?"

सोनाली गोड हसली. मुख्य डॉक्टर आले ते घड्याळाकडे बघतच आले. त्यांना पाच प्रश्न दिले तेव्हा त्यांनी कागद उलटा करून मागे काही आहे का पाहिलं. "मॅडम, आम्ही केसांपासून टाचेपर्यंत सगळं करतो. तुम्ही इतका विचार नका करू. विश्वास ठेवा."

हे वाक्य श्यामलाबाईंनी सतरंजीवाल्याकडूनही ऐकलं होतं. त्यांनी दुसऱ्या रकान्यात लिहिलं, 'सर्व काही करतात. म्हणजे नक्की काय, कळले नाही.'

तिसरं नाव शेजारच्या कल्याणी आगाशेबाईंनी सुचवलं होतं. आगाशेबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या तोंडून शिफारससुद्धा शिक्षेसारखी बाहेर पडते. 'अनंतरावांना सांगा, शनिवार पेठेत आमचे नेत्रतज्ज्ञ आहेत. स्पष्ट बोलतात. सहन होत असेल तर जा.' श्यामलाबाई गेल्या. म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, दिवा बंद केला आणि विचारलं, "वय?"

"छप्पन्न."

"मग आता कुणाला दाखवायचंय?"

उघड्या दाराबाहेर तीन पेशंट बसले होते. तिघांनी माना वर केल्या. श्यामलाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांना एकदम वाटलं, उठून घरी जावं, काकडी कापावी, डोळ्यांवर ठेवावी आणि हा विषय तिथेच मिटवावा. पण त्या उठल्या नाहीत.

"मलाच. मी रोज बघते माझ्याकडे. तुम्ही नाही बघत आरशात?"

"डोळे बघण्यासाठी असतात बाई, दाखवण्यासाठी नाही."

"तुमच्या दवाखान्याची पाटीही वाचण्यासाठीच असते ना? मग अक्षरं सोनेरी कशाला केलीत?"

बाहेर बसलेल्यांपैकी एकाला ठसका लागला. डॉक्टरांनी चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं. पुण्यात समोरचा माणूस आपल्याइतकंच तिरकं बोलतो हे कळलं की आदर सुरू होतो. त्यांनी चिठ्ठीवर एक नाव खरडलं. "हे माझं काम नाही. पापण्यांचे सर्जन वेगळे असतात. आधी डोळ्यांचं शिकतात, मग वर फक्त पापण्यांचं आणि आजूबाजूचं. माझी विद्यार्थिनी आहे ही. तिच्याशी नीट बोला. ती माझ्यापेक्षा वाईट आहे."

डॉ. रुपाली ढमढेरे यांच्या दवाखान्यात काच नव्हती, पुदिना नव्हता. लाकडी बाकं होती आणि नंबर ओरडून पुकारला जात होता. श्यामलाबाई आत गेल्या आणि पहिल्यांदा त्यांना दिसल्या त्या डॉक्टरांच्या स्वतःच्या पापण्या. चांगल्या जड, सुजट, खाली काळी वर्तुळं.

"तुम्ही स्वतःच्या का नाही केल्या?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"स्वतःच्या स्वतःला करता येत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या, "आणि दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही. बसा. वर बघा. खाली बघा. भुवया उचलू नका. उचलू नका म्हटलं ना?"

मग त्यांनी एक छोटी पट्टी घेऊन पापण्या चक्क मोजल्या. मिलिमीटरमध्ये, दोनदा. डोळ्यांत पाणी पुरेसं आहे का बघायला खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवून ठेवलं. कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, रक्तदाब घेतला, वरचं किती दिसतं त्याची तपासणी करायला लावली, आणि तिशीतला एखादा फोटो आणायला सांगितला.

"फोटो कशाला?"

"तुमच्या पापण्या मूळच्या कशा होत्या ते नको का बघायला? मी तुम्हाला तुमच्याच देणार. दुसऱ्या कुणाच्या हव्या असतील तर नदीपलीकडे जा."

"आणि डोळ्यांखालच्या पिशव्या?"

"त्यांना हात लावणार नाही. काढण्याइतक्या नाहीत."

गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना 'हे तुम्हाला नको' म्हणणारा माणूस श्यामलाबाईंना एकतीस वर्षांत भेटला नव्हता. त्यांनी तक्ता पुढे केला. डॉ. ढमढेरेंनी तो वाचला. हसल्या नाहीत. पेन काढलं आणि चौथ्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात उत्तरं लिहिली. आकडा लिहिला. 'मी स्वतः.' 'पापणीच्या घडीत. सहा महिन्यांत बहुधा शोधावा लागेल.' 'बिघडल्यास मीच दुरुस्त करीन, आणि मला जमणार नसेल तर कुणाकडे पाठवीन त्यांचे नाव असे.' पाचव्या प्रश्नापुढे लिहिलं, 'हो. म्हणूनच कातडी थोडी कमीच काढते. जास्त काढली तर डोळा मिटत नाही.' खाली सही केली आणि तारीख टाकली.

तारीख! श्यामलाबाईंना भरून आलं. मुक्रर झालं.

एवढ्यावर काम संपलं असतं, पण मध्ये रजा होती. श्यामलाबाईंनी अर्ज लिहिला, 'दोन्ही वरच्या पापण्यांची अतिरिक्त त्वचा काढून डोळे चांगले दिसावेत यासाठी करावयाच्या शस्त्रक्रियेकरिता पंधरा दिवसांची अर्जित रजा मिळणेबाबत.' उपसंचालक अभिनव सातपुते वयाने चौतीस आणि स्वभावाने भिडस्त. त्यांनी अर्ज वाचला, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, इतकं स्पेसिफिक कशाला? नुसतं 'डोळ्यांची शस्त्रक्रिया' लिहा ना. लोकांना मोतीबिंदू वाटेल. किंवा 'घरगुती कारण'."

"सर, पापण्या मी घरी ठेवून येत नाही."

"अहो पण वरून विचारतील."

"विचारू द्या. मी एकतीस वर्षं लोकांच्या रजेची कारणं वाचलीत. आपल्याकडच्या एका लिपिकाची आजी माझ्या कारकिर्दीत चार वेळा वारली. चौथ्या वेळी मी त्याला बोलावून सांगितलं, आता तिला विश्रांती दे. आज मीच खोटं कारण लिहिलं, तर त्याला काय तोंड दाखवू?"

अर्ज वर गेला. अकरा दिवसांनी शेऱ्यासह परत आला: 'सदर शस्त्रक्रियेची आवश्यकता स्पष्ट करण्यात यावी.' सातपुत्यांनी स्वतःहून तोडगा आणला. डॉक्टरांच्या तपासणीत पापणीमुळे वरचं किंचित कमी दिसतं असं आलेलंच होतं. "हा रिपोर्ट जोडा मॅडम. म्हणजे मेडिकल झालं. कुणी काही बोलणार नाही."

मोह होता. जेवणाचा डबा उघडून बंद करेपर्यंत श्यामलाबाई त्या रिपोर्टकडे बघत होत्या. एक कागद जोडला की त्या बिचाऱ्या आजारी बाई होणार होत्या, आणि आजारी बाईला सगळे सांभाळून घेतात. पण छताकडे बघायला त्यांना कधीच अडचण आली नव्हती. अडचण आली होती ती आरशात. त्यांनी रिपोर्ट पर्समध्ये ठेवला आणि शेऱ्याखाली आपल्या गोल, सरळ अक्षरात लिहिलं:

'आवश्यकता नाही. इच्छा आहे. अर्जित रजेच्या नियमांत आवश्यकतेची अट आढळून येत नाही. मान्यतेस्तव सादर.'

दोन दिवसांत अर्ज परत आला. त्यावर एकच शब्द होता, 'मान्य.' आणि त्या टिप्पणीच्या झेरॉक्स प्रती पुढे महिनाभर कार्यालयात हातोहात फिरत होत्या, असं म्हणतात. जावकाच्या टेबलावरच्या बाईंनी तर ती काचेखाली ठेवली.

शस्त्रक्रिया तासाभरात झाली. जागा बधिर केलेली, माणूस जागा. मध्येच डॉक्टरांनी त्यांना उठवून बसवलं, दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघायला. श्यामलाबाईंनी विचारलं, "सारख्या आहेत का?" डॉक्टर म्हणाल्या, "बोलायचं नाही, चेहरा हलतो." "मी फक्त खात्री..." "ओव्हाळ मॅडम!" श्यामलाबाई गप्प बसल्या. लग्नानंतर त्या इतका वेळ प्रथमच गप्प बसल्याची नोंद अनंतरावांनी बाहेर बाकावर बसून घेतली.

दुसऱ्या दिवशी चेहरा बघण्यासारखा नव्हता. तिसऱ्या दिवशी तो इतका रंगला, की न बघता राहवेना. दोन्ही डोळ्यांभोवती जांभळं, निळं, कडेला हिरवट. हे असंच होतं, ओसरतं, बर्फ लावा, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. ते श्यामलाबाईंना माहीत होतं आणि अनंतरावांना माहीत होतं. आगाशेबाईंना माहीत नव्हतं. त्या चौथ्या दिवशी डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या, दारातच थबकल्या, आणि अनंतरावांकडे वळून मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही दूध आणायला जा."

"दूध आहे."

"तरी जा."

अनंतराव गेले. आगाशेबाईंनी श्यामलाबाईंचा हात हातात घेतला. "घाबरू नकोस. कधीपासून चाललंय हे?"

"दोन वर्षं झाली की," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं. अखेर कुणीतरी आस्थेने विचारत होतं. "आधी डावीकडे. मग दोन्हीकडे."

"आणि तू सहन केलंस?"

"पहिल्यांदा वाटलं, वयामुळे असेल."

"वयामुळे! निवृत्त झाले की डोकं फिरतं काहींचं. नम्रताला ठाऊक आहे?"

"तिला सांगितलं. ती म्हणाली, जसं आहे तसं स्वीकार."

आगाशेबाईंचे डोळे भरले. "पोटची पोर! आणि तो माणूस ग्रुपवर स्वतःच्या पापण्यांना डॉक्टर शोधत होता. नटायला निघालाय."

श्यामलाबाईंना या शेवटच्या वाक्याचा अर्थ लागला नाही, पण विचारणार तोच अनंतराव दूध घेऊन आले. आगाशेबाई उठल्या. जाताना त्यांनी अनंतरावांच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि टेबलावर आपटली.

रविवारी सकाळी लिफ्ट बदलण्यासाठी संस्थेची विशेष सभा होती. श्यामलाबाई काळा चष्मा लावून गेल्या, कारण सभेला गैरहजर राहणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. अनंतरावांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. लिफ्टचा विषय निघायच्या आधीच आगाशेबाई उभ्या राहिल्या. "लिफ्ट राहू दे. मला आपल्या इमारतीतल्या बायकांच्या सुरक्षिततेबद्दल बोलायचंय."

श्यामलाबाईंचा हात आपोआप वर गेला. "हरकत आहे. विशेष सभेत विषयपत्रिकेबाहेरचा विषय घेता येत नाही."

"बघा!" आगाशेबाई सगळ्यांकडे वळल्या. "किती दबाव आहे तिच्यावर, बघा! श्यामला, तो चष्मा काढ. काही भिऊ नकोस. आम्ही सगळ्या आहोत."

श्यामलाबाईंनी गोंधळून चष्मा काढला. सभेत एकच आवाज उमटला. मग सगळ्या माना अनंतरावांकडे वळल्या, आणि श्यामलाबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो, नाही! यांनी नाही. ही शस्त्रक्रिया आहे!"

"शस्त्रक्रिया तर अनंतरावांची होती ना?" रंगराव म्हणाले. "दोन महिने आम्ही त्यांना हिरो म्हणून हाक मारतोय. जिन्यात शिट्ट्या मारल्या पोरांनी. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही."

श्यामलाबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही यांना सांगितलं नाहीत?"

अनंतराव खुर्चीत आक्रसले. "निरोप चुकून गेला माझ्याकडून. मग सगळ्यांना मीच वाटलो. म्हटलं, वाटू दे. तुला कुणी काही बोलायला नको. मला काय, दोन महिने हसले. कारखान्यात याहून मोठे आवाज ऐकलेत."

श्यामलाबाईंनी मनात हिशेब लावला. या माणसाने आपल्या वाटचं हसू जिन्या-जिन्यात झेललं होतं आणि रोज घरी येऊन आमटी चांगली झालीय म्हणत होता. रडायला मनाई होती, टाके होते. म्हणून त्यांना राग आला.

"तुमचं चांगलं मन तुमच्यापाशी ठेवा," त्या म्हणाल्या. "पापण्या माझ्या, टाके माझे, आणि नाव तुमचं? सचिव, इतिवृत्तात नोंद घ्या. फ्लॅट क्रमांक सात, श्यामला ओव्हाळ, यांनी दोन्ही वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया स्वखुशीने करून घेतली. शिट्ट्या मारायच्या असतील तर मला मारा."

रंगरावांनी खरंच पेन उचललं. "कारण काय लिहू, वहिनी? दिसायला त्रास होत होता, असं लिहू?"

बाहेर पडायचं दार पुन्हा एकदा उघडं होतं, आणि या वेळी सगळी इमारत ते धरून उभी होती.

"नाही. चांगलं दिसत होतं मला. चेहरा झोपाळू दिसत होता, तो आवडत नव्हता. एवढंच."

आगाशेबाई अजून उभ्याच होत्या, चेहरा उतरलेला. श्यामलाबाई त्यांच्याजवळ गेल्या. "कल्याणीताई, तुमचा अंदाज चुकला. पण तुम्ही उभ्या राहिलात. खरंच तसं असतं तर मला तुम्हीच हव्या होतात."

"अनंतरावांची मी माफी मागणार नाही," आगाशेबाई नाक पुसत म्हणाल्या. "त्यांनी तोंड उघडायला हवं होतं." मग त्या वाकल्या, चष्मा सरसावला. "टाके कुठून कुठवर आहेत? उजेडाकडे वळ बघू."

त्यांच्या मागे दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांच्यामागे तिसऱ्या मजल्यावरच्या. रांग लागली. रंगराव "गणसंख्या! गणसंख्या!" असं ओरडत राहिले, पण लिफ्टचा निर्णय त्या दिवशी झाला नाही.

तीन आठवड्यांनी सूज पुरती उतरली, रंग गेले. आगाशेबाई, रंगराव आणि पायगुडेवहिनी चहाला म्हणून आले. म्हणजे बघायलाच आले. त्यांनी श्यामलाबाईंना खिडकीशी उभं केलं, उजवीकडे वळवलं, डावीकडे वळवलं. एखादा नवा रंग दिलेली भिंत पारखावी तसं चाललं होतं.

"बऱ्या दिसतायत," आगाशेबाई म्हणाल्या. "पण अशीच तर दिसायचीस तू. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा."

"मला तर काही फरकच कळत नाही," पायगुडेवहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज फसवल्या गेलेल्या माणसाचा होता.

"एवढं सगळं केलंत," रंगराव म्हणाले, "रजा काय, सभा काय, आणि दिसत तर काहीच नाही बघा, वहिनी. काय उपयोग झाला?"

अनंतरावांनी चहाचा कप मध्येच धरला. श्यामलाबाई मात्र शांत होत्या. "तुम्हाला कशाला दिसायला हवं?" त्या म्हणाल्या. "डोळे माझे आहेत."

आणि त्यांनी तिघांकडे पाहिलं. आळीपाळीने, एकेकाकडे, भुवया न उचलता, चांगला वेळ घेऊन. पहिली नजर रंगरावांनी खाली घातली, आणि बिस्किटाकडे हात नेला.